मागच्या डाव्या चाकाचे पाच नट

अण्णा,

तुमची जीप मी झेंडूच्या रंगाची केली. एक हात नाही, चांगले तीन हात मारले आणि वर चकाकी दिली. त्याआधी तुमचा तो हिरवा रंग पॉलिश पेपरने घासून घासून पत्र्यापर्यंत काढला. चार रविवार लागले. जुन्या पत्र्याचा तुकडा खिशात घेऊन दुकानं पालथी घालून तुम्ही तो रंग जुळवून आणायचात, आणि शेड जरा गडद निघाली तर दोन दिवस कोणाशी बोलायचा नाहीत. तो सगळा हिरवा रंग आता पडवीच्या कोपऱ्यात भुकटी होऊन पडला आहे. बाहेरच्या खोलीतला तुमचा हार घातलेला फोटो काढून मी पडवीत, गाडीच्या बरोबर समोर टांगला. वहिनी म्हणाली, "वन्सं, फोटोवर शितोडं उडतील ओ." म्हटलं, उडू देत. दोन उडाले आहेत, एक चष्म्यावर आहे. मी पुसलेले नाहीत.

तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, त्यामुळे घरातलं थोडं सांगते. आई दोन वर्षांपूर्वी गेली. भाऊ अजून मुंबईतच आहे, गणपतीला आणि शिमग्याला येतो. कापडे गावातल्या आपल्या घरात वहिनी एकटी असते आणि भातशेती तीच बघते. मी महाडहून दर रविवारी सकाळच्या एसटीने येते आणि दिवसभर तुमच्या गाडीखाली पडून असते. वय एकोणसाठ आहे, गुडघे कुरकुर करतात, पण गाडीखाली पडायला गुडघे लागत नाहीत. आईचं सगळं आटोपल्यावर भाऊ म्हणाला होता की हिरकणीवाडीचा एक हॉटेलवाला जीप मागतो आहे, दारात उभी करणार, रायगडावर आलेले लोक तिच्यात बसून फोटो काढतील. मी म्हटलं, मला दे. त्याला वाटलं, बापाची आठवण म्हणून मागते आहे. वाटू दे म्हटलं.

गाडी जशी जन्मली तशीच ठेवायची, हा तुमचा धर्म. मिलिटरीच्या लिलावातून ती आणलीत तेव्हा मी पाच वर्षांची होते. गावात लोक बैल बघायला यावेत तसे जीप बघायला आले होते. भाड्याने लावली असतीत तर चाललीही असती, पण तुम्हाला ती चालवण्यापेक्षा उघडायलाच जास्त आवडायची. लावणी झाली की तुम्ही पडवीत गोणपाट अंथरून तिचा एकेक भाग काढायचात, रॉकेलमध्ये धुवायचात, परत बसवायचात. काढलेल्या प्रत्येक भागाला पत्र्याचा एक बिल्ला, तारेने बांधलेला, आणि त्यावर खिळ्याने ठोकून ठोकून लिहिलेलं असायचं की भाग कुठला आणि का काढला. माणसांना कधी चिठ्ठी लिहिली नाहीत, लोखंडाला मात्र लिहीत आलात. मी जवळ बसून बिल्ल्यांना भोकं पाडायची. दहाव्या वर्षी तुम्ही मला माझ्या मुठीत बसेल असा पान्हा दिलात, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेला. भावाला नाही, मला दिलात. तेव्हा मी तो उशाशी घेऊन झोपायचे, आणि आज हे लिहितानासुद्धा तो हातात घेतला की मला तुमचा राग येतो, कारण तो पान्हा फार चांगला आहे.

पहिली गोष्ट जी शिकवलीत ती चाकांची. या जुन्या गाड्यांचं एक खास असतं, बाकीच्यांना ते माहीत नसतं आणि ते जोर लावून नट तोडून बसतात. उजव्या बाजूच्या चाकांच्या बोल्टांना साधे आटे, म्हणजे नट ज्यांवर फिरतो त्या खाचा, नेहमीसारखे. डाव्या बाजूच्या चाकांना उलटे. म्हणजे डावीकडे नट आवळायचा तर पान्हा घड्याळाच्या उलट दिशेने ओढायचा. तुम्ही माझा हात धरून शंभर वेळा ते करून घेतलंत. "डोक्यात नाय ठेवायचं, हातात ठेवायचं," म्हणायचात. ते हातात राहिलं. चव्वेचाळीस वर्षं शिवणयंत्रं आणि मिक्सर दुरुस्त केले, पण डाव्या बाजूला बसून काही आवळायचं झालं की हात आधी उलटा जातो.

आता तो दिवस. मी पंधरा वर्षांची आहे, आदल्याच दिवशी माझी दहावीची परीक्षा संपली आहे. उमरठला मावशीच्या मुलीचं लग्न आहे. मागे डाव्या बाजूला आई बसली आहे, नवी नऊवारी नेसून, मांडीवर आहेराची पिशवी. भाऊ तिच्या शेजारी झोपला आहे. चढ लागायच्या आधी तुम्ही गाडी थांबवता, दर वेळी थांबवता तशी. चाकाला हात लावून ते किती तापलंय ते बघायचं आणि प्रत्येक नटाला पाव फेरा द्यायचा, ही तुमची पद्धत. चढाचं काम मोठं म्हणून तुम्ही बिडी पेटवून कठड्यावर बसता आणि मला म्हणता, "जा गो, आवळून घे." मी माझा पान्हा बाजूला ठेवून चाकाचा मोठा पान्हा घेते. उजवीकडची दोन्ही चाकं झाली. डावीकडचं पुढचं झालं. मागच्या डाव्या चाकाशी बसते, पान्हा शिकवल्याप्रमाणे उलटा ओढते. नट आधी घट्ट लागतो आणि मग कुरकुर करत हलतो. पाचही नट हलतात. इतर चाकांचे नट इतके कधीच हलले नव्हते. मला वाटतं, माझ्या हातात जोर आला. मी हसत उठते आणि आईला दंड दाखवते.

अर्ध्या चढावर, वळणाला, चाक निघालं. गाडी डावीकडे बसली आणि आई बाहेर फेकली गेली. दगडावर तिचा उजवा हात कोपरात मोडला. लग्नाला निघालेली दोन बैलगाड्यांची माणसं गोळा झाली. तुम्ही आधी आईकडे गेलात, हे मी मान्य करते. मग चाकाकडे गेलात, उकिडवे बसलात, हबवर हात फिरवलात, आणि बराच वेळ तिथेच बसून राहिलात. मी मागे उभी राहून म्हणत होते, "अण्णा, मी आवळले होते, पाचही आवळले होते." तुम्ही उठलात आणि सगळ्या माणसांसमोर म्हणालात, "पोरीच्या हातात पान्हा दिला हीच माजी चूक." एवढंच. मारलं नाहीत. मारलं असतंत तर लोक मध्ये पडले असते, पोर आहे, जाऊ द्या म्हणाले असते. त्या एका वाक्यावर कोण काय बोलणार होतं?

आईचा हात वाकडाच जुळला. तिला लावणीत वाकून रोपं खोचता येईनात, मग ती बांधावर बसून रोपांची मूठ करून द्यायची. दर वर्षी लावणीला कोणीतरी विचारायचं, हाताला काय झालं, आणि कोणीतरी सांगायचं, लेकीने नट सैल ठेवला. आई लगेच म्हणायची, "पोर होती ती, झाला चुकून." तिने मला इतक्या वेळा माफ केलं, अण्णा, की मला तिच्या शेजारी बसवेना. आणि आयटीआयचा फॉर्म. मोटार मेकॅनिकला मुलगी घेतात की नाही हे विचारायला मी एकटी महाडला गेले होते. तिथले सर म्हणाले, घेतो, वडिलांची सही आण. मी तो फॉर्म तुमच्यासमोर ठेवला. तुम्ही इंजिनातली तेलाची पट्टी बाहेर काढलीत, त्या फॉर्मने पुसलीत, आणि परत आत घातलीत. माझ्याकडे बघितलं नाहीत. फॉर्मवर काळी रेघ उमटली होती, बरोबर माझ्या नावावरून गेलेली. दोन वर्षांत माझं लग्न झालं. नवरा भला निघाला, ती तुमची कमाई नाही.

त्यानंतर आयुष्यभर मी ते पाच नट मोजत आले. भाकरी थापताना, मशीनला तेल घालताना, कधीही. एक, दोन, तीन, चार, पाच. आवळले होते की नव्हते? की हात चुकून सुलटा गेला आणि मीच ते सैल केले? पन्नाशीपर्यंत मला पटलं होतं की मीच चुकले असणार, कारण तुम्ही गाडीच्या बाबतीत चुकत नव्हतात. दवाखान्यात तुमचे शेवटचे दिवस होते तेव्हा मी पाच दिवस उशाशी बसून होते. काहीतरी बोलाल असं वाटत होतं. तुम्ही एकदाच बोललात, "गाडीवर ताडपत्री टाकलीस?" मी हो म्हटलं. टाकली नव्हती.

मग गेल्या पावसाळ्याआधी वहिनीने माळा आवरायला काढला आणि भाताच्या कणगीमागून एक गोणी खाली सोडली. "वन्सं, लय जड हाय ही, काय ठेवलंय मामांजींनी?" गोणीत तुमचा खाकी सदरा आणि सदऱ्यात गुंडाळलेला एक हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो लोखंडी गोळा, पाच बोल्टांसकट. तारेने बांधलेला बिल्ला. गंज होता, मी रॉकेलच्या फडक्याने पुसला. तुमचं अक्षर: "मागचं डावं. दुसऱ्या गाडीचं, आटे सुलटे. पोर परीक्षेला असताना बसवलं. वापरू नये."

मी ते तीनदा वाचलं. मग बोल्टांवर नट फिरवून बघितला. सुलटे. डाव्या बाजूला, जिथे तुम्हीच मला उलटं शिकवलं होतं, तिथे तुम्ही भंगारातल्या गाडीचा सुलट्या आट्यांचा हब बसवलात आणि मला सांगायला विसरलात. मी शिकवल्याप्रमाणे अंगातला सगळा जोर लावून पाचही नट आवळायला गेले आणि पाचही सैल केले. आणि त्या वळणावर हबवर हात फिरवला तेव्हाच तुम्हाला हे कळलं होतं. घरी येऊन तुम्ही तो हब काढलात, बरोबर आट्यांचा बसवलात, चुकीचा लपवलात. लोखंडाला खरं सांगितलंत. मला नाही, आईला नाही. आई वाकडा हात घेऊन त्याच कणगीतून भात काढायची.

तेव्हापासून मी तुमचा सूड घेते आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. रंग झाला. मग तुमच्या त्या कडक सीटा काढून जाड फोमच्या गाद्या बसवल्या, वर फुलाफुलांचं कापड. स्टिअरिंग हलकं करून घेतलं, एका बोटाने फिरतं. दाराशी पायरी बसवली, कारण वहिनीच्याही गुडघ्यांना चढवत नाही. मागे धरायला दांडा आणि कमरेला पट्टे लावले. गाणी वाजवायचा डबासुद्धा बसवला, त्याचा निळा दिवा लागतो आणि तो इतका वाईट दिसतो की मला दर वेळी बरं वाटतं. पूर्वी तुमच्याबरोबर गाडी उघडायला बसणारे काका मध्ये येऊन गेले. गाडीकडे बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "काय गो ही अवदसा केलीस? तो वरून बघत असंल." मी म्हटलं, म्हणूनच केली, आणि बिल्ला त्यांच्या हातात दिला. त्यांनी लांब धरून वाचलं. मला वाटलं होतं आता काहीतरी म्हणतील, निदान आईबद्दल. ते म्हणाले, "मेलेल्या माणसाचा काय काढतेस आता? चहा ठेव." मी चहा ठेवला नाही. वहिनीने ठेवला.

पण खरा सूड आट्यांचा. डावीकडच्या दोन्ही चाकांचे दहाही उलटे बोल्ट मी ठोकून काढले आणि महाडच्या लेथवाल्याकडून सुलट्या आट्यांचे नवे करून घेतले. आता या गाडीला चारही बाजूंनी एकच दिशा आहे. कोणालाही काही माहीत असायची गरज नाही, कोणी कोणाचा हात धरून शिकवायला नको, आणि पुढे कुठली पोर अडकायला नको. तुमचे दहा उलटे बोल्ट मी भंगारवाल्याला दिले, बिल्ला न बांधता.

या सगळ्यात वहिनी शिकली. मी शिकवायला बसले नव्हते, ती आपणहून येऊन बसली. पन्नास वर्षांची बाई, आयुष्यात विळ्याशिवाय दुसरं लोखंड हातात घेतलेलं नाही. आधी नट पुसून द्यायची, मग ग्रीस भरायला लागली, मग एक दिवस जॅक लावून मोकळी झाली. भावाला फोनवर सांगत होती, "तुमाला येतो का टायर बदलायला? मला येतो." तुम्ही मला दिलेला तो छोटा पान्हा मी तिला दिला. मागच्या रविवारी सकाळी मागचं डावं चाक तिने एकटीने बसवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पाचही नट आवळले, उठून पदराने हात पुसले, आणि परत बसून पुन्हा पाचही तपासले.

आणि आम्ही उमरठला निघालो. मी मुद्दाम तोच रस्ता घेतला. वहिनी मागे डावीकडे बसली, आईच्या जागी, पट्टा लावून. मला तो चढ तुमच्या गाडीने, माझ्या रंगात, माझ्या आट्यांवर चढायचा होता, आणि वर पोचून तुमच्या नावाने एक कडक शिवी हासडायची होती. चढाच्या आधी मी गाडी थांबवली. थांबायचं काही कारण नव्हतं, पण पाय आपोआप ब्रेकवर गेला. मी पान्हा घेऊन उतरले. उजवीकडची चाकं घट्ट होती. मागच्या डाव्याशी बसले, पान्हा लावला आणि ओढला. नट आधी घट्ट लागला आणि मग कुरकुर करत हलला. दुसरा हलला. तिसरा हलला तेव्हा मला माझ्या हातातला तो जोर ओळखू आला. माझा हात उलटा गेला होता. मी स्वतः बदललेल्या सुलट्या आट्यांवर, तुम्ही शिकवलेल्या उलट्या दिशेने, मी तीन नट सैल केले होते.

वरून वहिनीने विचारलं, "काय झाला वन्सं?"

मी म्हटलं, "नट सैल आहेत. तू नीट आवळले नव्हतेस."

अण्णा, मी विचार केला नाही. शब्द आधी आले. तुम्ही त्या वळणावर किती वेळ उकिडवे बसला होतात ते मी आयुष्यभर आठवत आले. मी तर तेवढीही बसले नाही. वहिनीचा चेहरा एकदम उतरला. "पाची आवळलं होतं ओ मी," ती म्हणाली. "दोनदा." मग, तीच माझं काहीतरी देणं लागत असल्यासारखी, मला सांभाळून घेत म्हणाली, "असंल, माजंच चुकलं असंल. माजे हाताला कुटं सवय हाय." मी खाली मान घालून पाचही नट घट्ट केले, बरोबर दिशेने. चढ चढलो. वर पोचून मी शिवी दिली नाही. वहिनीने डब्यातली चटणी-भाकरी काढली आणि आम्ही खाल्ली.

म्हणून तुम्हाला माफ केलं असं समजू नका. आईचा हात शेवटपर्यंत वाकडाच राहिला आणि फॉर्मवरची काळी रेघ गेलेली नाही. खरं सांगायला तुमच्याकडे तेवीस वर्षं होती, माझे तर सातच दिवस झालेत. पण बुधवारी मी वहिनीला फोन केला, पुढच्या वेळी ब्रेक उघडू म्हटलं, तर ती म्हणाली, "वन्सं, चाकाचं, ब्रेकचं तुमीच करा. मी आपली पुसायला हाय." आज सकाळी आले तर तो छोटा पान्हा माझ्या पेटीवर ठेवलेला होता, स्वच्छ पुसून.

हे पत्र मी पडवीत बसून लिहिते आहे, तुमच्या फोटोखाली. लिहून झालं की हबबरोबर गोणीत टाकायचं ठरवलं होतं. आता तेही नको वाटतंय. वहिनी समोर गाडी पुसते आहे. बॉनेट झालं, दारं झाली, पायरी झाली. मागच्या डाव्या चाकापाशी आली की फडकं उचलते आणि चाकाला न लावता पुढे जाते. दोनदा गेली. मी तिला अजून सांगितलेलं नाही.